तंबोऱ्याचा कारागीर आणि तंबोऱ्याचा अभ्यासक, दोघांना एका सतरंजीवर बसवायचं कसं?

मागच्या पावसाळ्यात माझा तंबोरा बसला. तारा जुळत होत्या, खुंट्या धरत होत्या, भोपळ्याला तडा वगैरे काही नव्हता, पण छेडलं की आवाज टण्ण करून संपायचा, मागे जी एक आस गुंजत राहते ना ती गायबच झाली होती. गाणं शिकणाऱ्यांना लगेच कळेल काय झालं होतं ते, जवारी गेली होती. मग सगळे करतात तेच केलं, तंबोरा गवसणीत घातला आणि मिरज गाठलं. ह्या वेळी सोबत माझा एक मित्र होता जो ध्वनिशास्त्रात संशोधन करतो, वाद्यांच्या आवाजाचा अभ्यास हेच त्याचं काम, पण जवारी काढताना, म्हणजे ती घासून परत आणताना, त्याने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. आणि ज्या चाचांकडे आम्ही गेलो ते चाळीस वर्षं जवारी काढतायत, पण आवाजाचं चित्र स्क्रीनवर कसं दिसतं ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

एकाच गोष्टीला आयुष्य दिलेली दोन माणसं, आणि पहिला पाऊण तास त्यांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळेना.

तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय. हस्तकलेवर अभ्यास करणारे आज आपल्याकडे कमी नाहीत. डिझाइनवाले आहेत, मानववंशशास्त्रवाले आहेत, इतिहासवाले आहेत, मटेरियल सायन्सवाले आहेत. अहमदाबादच्या एनआयडी ह्या डिझाइनच्या संस्थेत विद्यार्थी कारागिरांच्या गावी जाऊन राहतात आणि क्राफ्ट डॉक्युमेंटेशन करतात, आयआयटी मुंबईच्या आयडीसी ह्या डिझाइन विभागाने डी-सोर्स नावाने देशभरातल्या कितीतरी कलांची माहिती नेटवर फुकट ठेवलीय. म्हणजे कारागिरांबद्दल लिहिलं जातं, भरपूर लिहिलं जातं. पण कारागिराबरोबर बसून, त्याला जे कळतं ते आणि आपल्याला जे कळतं ते एकाच पाटावर ठेवून काम होणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती अवघड का आहे ते तंबोऱ्याच्या निमित्ताने सांगते, कारण तंबोऱ्यात ते अगदी स्पष्ट दिसतं.

आधी मिरजेबद्दल थोडंसं. इथले शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे. राजेरजवाडे गेले, तलवारींचं काम संपत आलं, आणि साधारण १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता नवीन बनवायला घेतली. तेव्हापासून त्या घराण्यातल्या पिढ्यान् पिढ्या हेच काम करतायत आणि सतारमेकर हे आडनावच होऊन बसलंय. लाकूड तुणीचं, भोपळा पंढरपूरच्या बाजूला भीमेकाठच्या शेतातला, खायचा नाही, कडू, हा एवढा मोठा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, त्याबद्दल खाली बोलूच.

आता जवारी म्हणजे काय ते बघू, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी झाकणावर, एक घोडी असते, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो हाडाचा किंवा लाकडाचा किंवा हल्ली ॲक्रिलिकचा ठोकळा. व्हायोलिनच्या घोडीला वर धार असते, तार एका रेषेवर टेकते आणि विषय संपला. आपल्या तंबोऱ्याची घोडी वरून रुंद असते, इंचभर तरी, आणि तो पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो, इतका हलका की नुसत्या डोळ्याला सपाटच वाटतो. तार त्या उतारावर आडवी पडते आणि हळूहळू त्याच्यापासून सुटत जाते. त्यात तारेखाली एक सुताचा दोरा सरकवायचा, जवारीचा दोरा, आणि तो केसभर इकडे तिकडे केला की एका ठिकाणी आवाज असा फुलतो की अंगावर काटा येतो. तो फुललेला आवाज म्हणजे खुली जवारी.

हे होतं कसं? लहानपणीची दोरीउडी आठवा. दोन मुली दोन टोकं धरून दोरी फिरवतायत, मधला भाग सगळ्यात जास्त फिरतो, टोकं स्थिर. तार अशी पूर्ण हलते तेव्हा मूळ स्वर येतो. पण तीच तार त्याच वेळी दोन भागांतही हलत असते, तीन भागांतही, चार भागांतही, आणि त्या प्रत्येकाचा एक बारीक स्वर मूळ स्वरात मिसळलेला असतो, त्यांना उपस्वर म्हणू. समजा तुमची तार १०० हर्ट्झला लागलीय, म्हणजे सेकंदाला १०० वेळा हलतेय, तर दुसरा उपस्वर २०० म्हणजे वरचा सा, तिसरा ३०० म्हणजे पंचम, चौथा ४०० पुन्हा सा, आणि पाचवा ५००, तो गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते तरी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार, छेडला की गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच. आणि हा ५०० वाला गंधार दोन सप्तकं खाली आणला तर १२५ येतो, हार्मोनियमवरचा गंधार जवळजवळ १२६ असतो, कागदावर फरक एकाचा पण कानाला चांगला टोचतो, म्हणून तंबोऱ्यावर गाणारी माणसं पेटीच्या गंधाराला नावं ठेवतात ती उगाच नाही.

आता मजेचा भाग. तारेचा एक जुना नियम आहे, थॉमस यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर वाजणारच नाही. दोन भागांत हलणाऱ्या तारेचा मध्य स्थिर असतो ना, मग मधोमध छेडलं तर तो मध्य ओढला गेला, म्हणजे दुसरा उपस्वर संपला, चौथाही संपला. साधी तार हे निमूटपणे पाळते. तंबोरा पाळत नाही. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात तंबोरा आणि वीणा घेऊन नेमकं हेच बघितलं आणि छापलं, की नियमाप्रमाणे जे उपस्वर गायब पाहिजेत ते इथे ठणठणीत वाजतायत. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट. तुमच्याकडे तंबोरा असेल तर आत्ता करून बघा, तार बरोब्बर मधोमध छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हलकंच टेकवा, मूळ स्वर मरतो पण वरचा सा वाजत राहतो. कुठून आला तो? घोडीवरून आला. तार खाली येताना त्या हलक्या उतारावर टेकत जाते, वर जाताना सुटत जाते, म्हणजे प्रत्येक हेलकाव्यात तारेची लांबी किंचित कमी-जास्त होतेय, आणि त्या टेकण्या-सुटण्यात मूळ स्वराची ताकद वरच्या उपस्वरांना वाटली जाते. सारखी वाटली जाते. म्हणून तंबोरा छेडल्यावर आवाज नुसता विझत नाही, विझता विझता रंग बदलत जातो.

ह्यावर रामन यांच्यानंतर खूप काम झालं, गणितं मांडली गेली, फ्रान्समध्ये इंग्लंड-आयर्लंडकडे अमेरिकेत लोकांनी कॉम्प्युटरवर तंबोऱ्याची तार उभी केली. मला ह्या सगळ्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यातलं किती मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पोचलं? आणि गल्लीतलं किती तिकडे गेलं?

आता दुकानात परत या. चाचा खाली बसलेत, तंबोरा मांडीवर आडवा, तारा बाजूला सारलेल्या, हातात बारीक दाताची कानस. घोडीवरून कानस एकदा पुढे नेतात, एकदाच, मागे आणताना उचलून आणतात. मग बोटाच्या पेराने पुसतात, तार जागेवर ठेवतात, छेडतात, मान किंचित वाकडी. परत तार बाजूला. घोडी दाराच्या उजेडासमोर आडवी धरतात आणि तारेखालून येणारी उजेडाची फट बघतात. परत एकदा कानस. असं तीस-चाळीस वेळा. मित्राने वही काढली.

"चाचा, किती घासता?"

"तार मोकळी होईस्तोवर."

"मोकळी म्हणजे?"

"बोलाय लागली की कळतंय की."

"पण कसं कळतं?"

चाचांनी त्याच्याकडे बघितलं, राग नव्हता, पण असं काहीतरी होतं की बाबा तुला भूक लागली हे तुला कसं कळतं हे मी विचारू का. मित्राने वहीत 'मोकळी' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह. 'बोलणे' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह. तो पाऊण तास असाच गेला.

कारागीर आणि संशोधक भेटतात तेव्हा नव्वद टक्के वेळा गाडी इथेच अडकते असं माझं मत झालंय. संशोधक प्रश्न विचारतो शब्दांत आणि त्याला उत्तर शब्दांतच पाहिजे असतं, आणि कारागिराचं उत्तर हातात, कानात, पेरात असतं. ह्याला अभ्यासक लोक टॅसिट नॉलेज म्हणतात, आपण हातात बसलेलं ज्ञान म्हणू. भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ किती मळायचं ते विचारा, ती म्हणणार "मऊ होईपर्यंत". ती लपवत नाहीये, तिला माहीत नाही असंही नाही, तिला इतकं पक्कं माहीत आहे की ते शब्दांच्या पलीकडे गेलंय. मग संशोधक घरी जाऊन लिहितो की ह्यांचं ज्ञान अनुभवजन्य आहे आणि त्यामागचं शास्त्र त्यांना ज्ञात नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. चाचांना शास्त्र कळतं, त्यांना तुमची परिभाषा येत नाही. तुम्हाला तरी त्यांची कुठे येते?

मग मित्राने एक गोष्ट केली जी मला फार आवडली. वही बंद केली आणि म्हणाला, "चाचा, मुद्दाम बिघडवून दाखवता का?"

चाचा थांबले. म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या घोडीला हात नाही लावनार." मग उठले, फळीवरून पत्र्याचा डबा काढला, त्यात जुन्या उतरवलेल्या घोड्या, हाडाच्या, शिंगाच्या, एक हस्तिदंताची पिवळी पडलेली, पूर्वी हस्तिदंत चालायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं. त्यातली एक हाडाची घेतली, कोपऱ्यातल्या पॉलिश न झालेल्या तंबोऱ्यावर बसवली आणि तिला मुद्दाम वाईट घासायला लागले. आणि घासता घासता बोलायला लागले. ही बघा आता सपाट केली, आता तार चिकटून बसनार, उठनारच नाही, मेली ही. छेडली. खरंच मेलेली, माझ्या तंबोऱ्यासारखीच. आता पुढची कड उचलून ठेवली, आता ऐका. पत्र्यावर खडा टाकल्यासारखं झरझरलं. ही बोबडी. आता मधे खड्डा पाडला, आता एका स्वराला बोलंल, दुसऱ्याला गप बसंल. तसंच झालं. आणि मग ते वाक्य म्हणाले जे मित्राने परत वही उघडून लिहून घेतलं, "तार घोडीवरनं उडी मारून नाही उठली पायजे, काठावरनं नाव सुटती तशी सुटली पायजे."

काठावरून नाव सुटते तशी. वर मी तो उतार आणि टेकणं-सुटणं समजावलं ना दोन परिच्छेद खर्च करून, ते सगळं ह्या एका वाक्यात आहे.

चांगलं काम करताना कारागिराचा हात आपोआप चालतो, त्यामुळे सांगायला काही सुचत नाही. बिघडवताना मात्र त्याला प्रत्येक पायरीला थांबून ठरवावं लागतं की आता काय चुकवू, आणि ठरवलं की ते तोंडावर येतं. असंच दुसरं एक काम म्हणजे संशोधकाने स्वतः शिकाऊ म्हणून बसायचं. ट्रेव्हर मार्चंड नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ आहेत, ते येमेनमधल्या सना शहरात मिनार बांधणाऱ्या गवंड्यांच्या हाताखाली मजूर म्हणून राबले, पुढे मालीमधल्या जेन्नेला मातीची घरं बांधणाऱ्यांबरोबर, आणि नंतर लंडनला सुतारकाम शिकले. विटा वाहिल्यावर जे कळतं ते मुलाखतीत कळत नाही. अर्थात ह्याला वेळ लागतो, महिने लागतात, वर्षं लागतात, आणि पीएचडीच्या वेळापत्रकात तेवढा वेळ कुणी देत नाही, ही मोठी अडचण आहे.

दुपारी मित्राने लॅपटॉप काढला. सकाळपासून रेकॉर्ड केलेल्या आवाजांची चित्रं दाखवली, आडवा काळ, उभे उपस्वर, ताकद जास्त तिथे रंग गडद. चांगल्या जवारीचं चित्र म्हणजे रंगीत पट्ट्या एकीखाली एक, वेळ जाईल तसा गडद रंग वरच्या पट्ट्यांवरून खालच्या पट्ट्यांवर उतरत येतो, पावसाची सर सरकत यावी तसा. मेलेल्या जवारीच्या चित्रात खाली दोन-तीन रेघा आणि वर सगळा अंधार. चाचांनी चष्मा घातला, एक एक चित्र आवाज ऐकत बघितलं, आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "हितं दोरा सरकला हुता." मित्र म्हणाला नाही चाचा, तो तारेचा गुण असणार, त्याने तर त्या जागेवर खूणही करून ठेवली होती की काहीतरी वेगळं सापडलंय. परत ऐकलं, परत ऐकलं. रेकॉर्डिंगचा व्हिडिओ होता, त्यात बघितलं, छेडता छेडता दोरा खरंच केसभर सरकला होता. म्हणजे चाचा तिथे नसते तर तो दोरा एखाद्या संशोधनाच्या पेपरमध्ये शोध म्हणून छापून आला असता. कारागिराला बरोबर घ्यायचं ते दया म्हणून घ्यायचं नाही, त्याच्याशिवाय संशोधन चुकतं म्हणून घ्यायचं.

आपल्याच भागात असं एकत्र बसणं शंभर वर्षांपूर्वी झालंय हे किती जणांना माहीत असेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांना बावीस श्रुतींचं, म्हणजे एका सप्तकात मानलेल्या बावीस बारीक स्वरांचं, गणित बसवायचा ध्यास होता, १९१० ला त्यांनी पुस्तिका काढली. त्यांच्या जोडीला अर्नेस्ट क्लेमंट्स, इंग्रज आयसीएस अधिकारी. आणि श्रुती गळ्यातून काढून दाखवायला अब्दुल करीम खाँसाहेब, जे नंतर मिरजेचेच झाले, ज्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि जे स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत मुरलेले होते. गणिती, अधिकारी आणि गवई एकत्र. ह्यातून बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार झाली, इंग्लंडहून करवून आणलेली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला, तिथल्या जाणकार गवयांना तिचे स्वर पटले नाहीत. मला वाटतं ह्यात अडचण अशी झाली की उत्तर आधी ठरलं होतं, बावीस जागा आधीच कागदावर होत्या आणि गळ्याने त्या सिद्ध करून द्यायच्या होत्या. गवयाची श्रुती रागाप्रमाणे हलते, आरोहात वेगळी अवरोहात वेगळी, तिला एका पट्टीत खिळा मारून बसवता येत नाही, आणि हे सांगायला गवई तिथे होताच की. पण त्याला मोजलं गेलं, विचारलं गेलं नाही. तरीसुद्धा मी देवलांना नावं ठेवणार नाही, त्या काळात कलाकाराच्या घरी जाऊन त्याच्या कानावर विश्वास ठेवून मोजमाप करायला बसणं हीच मोठी गोष्ट होती.

जमलेलं उदाहरण बघायचं तर व्हायोलिनकडे जावं लागतं. कार्लीन हचिन्स ही अमेरिकेतली शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, व्हायोला वाजवायला लागली, मग स्वतः कोरायला लागली, आणि फ्रेडरिक सॉन्डर्स ह्या हार्वर्डच्या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर तिची जोडी जमली. तो मोजायचा, ती कोरायची, आणि हे एका वाद्यापुरतं नाही, वर्षानुवर्षं चाललं. न्यू जर्सीतल्या तिच्या घरातच वर्कशॉप. व्हायोलिनची सुटी पाठ किंवा पोट स्पीकरवर धरायचं, वर चमकी भुरभुरायची, स्वर बदलत न्यायचा, एका स्वराला चमकी सरकून नक्षी तयार होते आणि लाकूड कुठे जाड आहे कुठे पातळ करायचं ते त्या नक्षीवरून कारागिराला दिसतं. हे मला फार मोलाचं वाटतं, की फिजिक्सचा निष्कर्ष पेपरात न राहता कारागिराच्या हातात रंधा असताना उपयोगी पडेल अशा रूपात आला. १९६३ मध्ये ह्या मंडळींनी कॅटगट अकूस्टिकल सोसायटी काढली, त्यात वाद्यं बनवणारे आणि शास्त्रज्ञ दोघं बरोबरीने सभासद होते.

आणि अलीकडचं सांगायचं तर २०१० चा अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा प्रयोग. क्लॉडिया फ्रिट्झ ही संशोधक आणि जोसेफ कर्टिन हा व्हायोलिन बनवणारा, दोघांनी मिळून २१ वादकांना हॉटेलच्या खोलीत बोलावलं, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल, हनुवटीच्या जागी थोडं अत्तर, जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून. सहा व्हायोलिन, तीन नवीन, तीन जुनी, जुन्यात दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचं, म्हणजे इटलीतल्या जुन्या नामांकित कारागिरांची. घरी न्यायचं तर कुठलं न्याल असं विचारल्यावर २१ पैकी १३ जणांनी नवीन निवडलं. ह्यावर अजून भांडणं चालू आहेत, खोली लहान होती, सभागृहात करायला पाहिजे होतं वगैरे, मग त्यांनी पुढे पॅरिसला सोलो वादकांबरोबर परत केलं. मला त्यातलं अत्तर महत्त्वाचं वाटतं. जुन्या व्हायोलिनला वास असतो आणि वादक तेवढ्यावरून ओळखू शकेल, हे ज्याचं आयुष्य वार्निशच्या वासात गेलंय त्या कारागिराला पटकन सुचतं. आणि त्या पेपरवर कर्टिनचं नाव लेखक म्हणून आहे. शेवटच्या ओळीत आभार म्हणून नाही.

आपल्याकडे नेमकं हे होत नाही आणि त्यामुळे कारागीर दार लावून घेतात. चाचांनीच सांगितलं, बऱ्याच वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजची मुलं आली होती, आठवडाभर कॅमेरे लावले, बाजारातले तयार तंबोरे बाजूला ठेवून चाचांनी त्यांच्यासाठी पहिल्यापासून एक करून दाखवला, आठवड्याची कमाई बुडाली, आणि नंतर फोटो नाही, फोन नाही, कागदाचा एक तुकडा नाही. "आमच्या नावाचं काय झालं म्हाईत नाही." त्यानंतर कुणी आलं की ते अर्धंच सांगतात. आणि मला वाटतं तो त्यांचा हक्कच आहे. पोट ज्याच्यावर चालतं ती गोष्ट कॅमेऱ्यासमोर उघडी करायची का हे त्यांनी ठरवायचं. जीआयमुळे हे सुटतं असं लोकांना वाटतं, पण जीआय 'मिरज' ह्या नावाला संरक्षण देतं, दुसरीकडे बनवलेला तंबोरा मिरजेचा म्हणून विकता येत नाही एवढं. हातातल्या कसबाला ते कुलूप लावत नाही.

आणि एक अवघड गोष्ट आहे जी संशोधकांनी स्वतःला विचारली पाहिजे. जवारीचं गणित जितकं नीट कळेल तितका सॉफ्टवेअरमधला तंबोरा चांगला होईल. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ मध्ये बंगळूरला जी. राज नारायण यांनी बनवला, तो आला तेव्हापासून आणि आता मोबाइल ॲपमुळे तर जास्तच, शिकणाऱ्या मुलांच्या घरी खरा तंबोरा येणं कमी झालंय. मी स्वतः ट्रेनमध्ये ॲपवर रियाज करते, त्याला नावं ठेवत नाही. पण ज्याच्या हातातून ज्ञान घेतलं त्याचंच गिऱ्हाईक त्या ज्ञानाने कमी होणार असेल, तर त्याला बदल्यात काय मिळतंय हे कामाच्या पहिल्या दिवशी बोलायला पाहिजे. त्या दिवसाची मजुरी द्यायची, जे लिहू ते छापायच्या आधी मराठीत वाचून दाखवायचं, नाव द्यायचं की नाही हे विचारायचं, आणि मुख्य म्हणजे प्रश्न कुणाचा घ्यायचा हे ठरवायचं.

कारण प्रश्न त्यांच्याकडेही असतात, भरपूर असतात, फक्त कुणी विचारत नाही. मित्राने संध्याकाळी निघताना विचारलं की चाचा, तुम्हाला काय कळून घ्यायचंय, तर जवारीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, जवारी त्यांना येते. ते म्हणाले भोपळे. पूर्वीसारखे जाड सालीचे येत नाहीत, लावणारे शेतकरी कमी झाले, उसाला पैसा आहे, आणि जे येतात ते वाळवताना काही तडकतात काही नाही, बाहेरून सारखेच दिसतात. दुसरं, अमेरिकेला गेलेली वाद्यं. तिकडची आपली मराठी मंडळी इथून हौसेने तंबोरा नेतात आणि पहिल्या थंडीत घरात हीटर लागला की हवा कोरडी पडते, दांडी वाकते, तबली सुटते, मग व्हिडिओ कॉलवर विचारतात की चाचा काय करू. इथून काय करून पाठवलं तर ते होणार नाही? तिसरं, हाडाला पर्याय. ॲक्रिलिकची घोडी टिकते पण आवाज त्यांना काचेरी वाटतो. आणि चौथं त्यांनी विचारलं नाही, पण बोलण्यात आलं, की मुलगा पुण्याला नोकरी करतो आणि जवारी हातात बसायला सात-आठ वर्षं लागतात, आजकाल सात-आठ वर्षं कोण बसणार, ती उजेडाची फट पोराला लवकर दिसायला लागेल असं काही करता येईल का.

रामन यांच्यापासून आजपर्यंत सगळं लक्ष त्या इंचभर घोडीवर आणि भोपळ्याकडे कुणाची फारशी नजर नाही, आणि कारागिराची झोप भोपळ्याने उडालीय.

माझा तंबोरा झाला, आता पहिल्यापेक्षा मोकळा बोलतो, खर्जातला गंधार तर खोलीभर. येताना चाचांनी मित्राच्या हातात दोन वाळलेले भोपळे दिले, त्यांच्या मते त्यातला एक वर्षाच्या आत तडकणार आणि एक नाही, कुठला ते त्यांनी एका कागदावर लिहून घडी घालून आपल्याकडेच ठेवलंय. ते दोन्ही मित्राच्या ऑफिसात कपाटावर आहेत, दर सोमवारी तो वजन करतो, बोटाने टिचकी मारून आवाज रेकॉर्ड करतो, खोलीतली आर्द्रता लिहितो आणि मग मिरजेला फोन लावतो. परवा मी तिथेच होते. चाचांनी फोनवर टिचकीचा आवाज ऐकला, परत वाजवा म्हणाले, परत ऐकला, आणि विचारलं, "डाव्या बाजूचा काय हा? त्याला उन्हात नका ठेवू, खिडकीपासनं लांब घ्या."